काटेवाल्यांचं नवं ऑफिस

"वहिनी, आधी जुनं काढून टाकावं लागेल," असं भाऊजी म्हणाले आणि वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

तसं बघायला गेलं तर त्यांना बोलावलं होतं वहिनींनीच. काम साधं होतं. घरातल्या कॉम्प्युटरवरचं ऑफिस, म्हणजे लिहायच्या आणि तक्ते करायच्या प्रोग्रॅमांचा संच, फार जुना झाला होता. त्याच्या जागी नवा घालायचा होता. पण 'काढून टाकणं' हा शब्द वहिनींना मुळातच आवडत नसे. त्यातून तो या धाकट्या दिराच्या तोंडून आला, म्हणजे त्याला आणखी काहीतरी वास आहे असं त्यांना वाटलं.

भाऊजी एका इस्पितळात कॉम्प्युटरची देखभाल करत. माणूस सज्जन, पण घुमा. विचारलं तर बोलणार, तेही तोलून मापून. वहिनींचं म्हणणं असं की बडबड्या माणसाच्या पोटातलं निदान ओठांवर तरी येतं; यांच्या पोटातलं पोटातच जिरतं. मागच्या खेपेला ते खाली दुकानात गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. वहिनी बघायला गेल्या, तर हे टेप घेऊन भिंतीची मापं घेत उभे. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असंच." मापं घेणारा माणूस असंच घेत नाही, हे वहिनींना नवऱ्याच्या धंद्यामुळे पक्कं माहीत होतं.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्यांचे तराजू, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, गोदामांतले पोती तोलायचे लोखंडी काटे, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. म्हणून गल्लीत त्यांना काटेवाले म्हणत आणि बायकोला नुसतंच वहिनी. खाली दुकान, वर घर, आणि दुकानातच उतरणारा एक अरुंद, अंगाला आळोखेपिळोखे दिल्यासारखा जिना. गेल्या वर्षी काटेवाल्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय काठीच्या आधाराने घरातल्या घरात चालण्यापुरता सावरला, आणि बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की डोकं शाबूत आहे, शब्दही शाबूत आहेत. फक्त जीभ आणि ओठ हुकूम पाळत नाहीत.

तेव्हा दुकानातला बिलांचा कॉम्प्युटर वर आणला. त्यावर भाऊजींनीच फार पूर्वी लिनक्स घालून दिलं होतं, कारण यंत्र जुनं होतं आणि दुसरं काही त्याला झेपत नव्हतं. काटेवाले डाव्या हाताच्या एका बोटाने लिहू लागले. पण एक वाक्य होईस्तोवर समोरचा चहा निवून जाई. मग लेकीने फोनवरून शिकवलं आणि वहिनींनी एक सोय करून घेतली. लिहिताना होणाऱ्या चुका आपोआप दुरुस्त करायची जी यादी त्या प्रोग्रॅममध्ये असते, तिच्यात आपल्याला हवं ते भरता येतं. 'पा' लिहून जागा सोडली की 'पाणी हवं आहे' उमटे. 'पाठ' लिहिलं की 'पाठीखाली उशी दे'. पहिल्या काही आठवड्यांत वहिनींनी अशी पुष्कळ वाक्यं भरली आणि नंतर कोणती भरली ते विसरूनही गेल्या. घर सुरळीत चाललं होतं. काटेवाले अधूनमधून 'दुकान पुन्हा उघडायचं आहे' असंही लिहीत. ते वाक्य पडद्यावर दिसलं की वहिनींना दहा हत्तींचं बळ येई. आल्यागेल्याला त्या ते दाखवत. दुकानाला त्यांनी हातही लावू दिला नव्हता. आठवड्याला एकदा जाऊन पारडी पुसून यायच्या.

नव्या ऑफिसची गरज पडली ती बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंमुळे. त्या दर आठवड्याला सरावाचे कागद ईमेलने पाठवत. अलीकडे ते कागद उघडले की चित्रं शब्दांच्या डोक्यावर बसलेली, चौकटी कोलमडलेल्या, आणि 'ओठ मिटा' या सूचनेखाली गुडघ्याचं चित्र. बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे सगळं नीट दिसतं. तुमचंच ऑफिस जुनं आहे.

भाऊजी सुट्टीच्या दिवशी सकाळी आले. काटेवाले शेजारच्या खुर्चीत बसून बघत होते आणि वहिनी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, म्हणजे हात कपड्यांवर आणि डोळे पडद्यावर. भाऊजींनी एक काळी खिडकी उघडली आणि तीत काहीतरी लिहिलं. खिडकीने पासवर्ड मागितला. भाऊजी सरकले, वहिनींनी त्यांना तोंड फिरवायला सांगितलं आणि स्वतः लिहायला घेतला. पण पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही.

"मी लिहितेय ते जातंय कुठे?" वहिनींनी विचारलं.

"जातंय बरोबर. दिसत नाही एवढंच."

हे उत्तर वहिनींना अजिबात पटलं नाही. दिसत नाही एवढंच, असं म्हणून जगात काय काय नेता येतं.

मग काळ्या खिडकीतून पांढऱ्या ओळींची रांग धावली, आणि ती थांबली तेव्हा ऑफिसचं चिन्ह मेनूमधून गायब झालं होतं. भाऊजींनी शांतपणे पेनड्राइव्ह लावला, त्यातलं गाठोडं सोडलं. आत लहानमोठ्या पुड्या भरल्या होत्या. त्यांनी एका हुकमात सगळ्या बसवायला लावल्या. पुन्हा ओळी धावल्या. मग मराठीची वेगळी पुडी. वहिनींनी विचारलं की हे करतं कोण आणि पैसे किती घेतात. भाऊजी म्हणाले, जगभरची माणसं मिळून करतात, फुकट देतात. कोण माणसं, असं विचारल्यावर म्हणाले, "आहेत." वहिनींनी एका सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. ओळख ना पाळख, आणि फुकट देतात म्हणे.

कॉम्प्युटरमधून एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरल्यावर नवं चिन्ह दिसू लागलं. सरावाचे कागद उघडले. ओठांखाली ओठ होते, चौकटी ताठ उभ्या होत्या. काटेवाल्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. भाऊजी चहा पिऊन, भावाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. जाताना पुन्हा जिन्यात थबकले आणि भिंतीकडे बघून गेले. हे वहिनींनी वरून पाहिलं.

दुपारी काटेवाल्यांनी 'पा' लिहून जागा सोडली. 'पा' तसाच राहिला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग 'णी' जोडलं. वहिनींनी पाणी दिलं आणि भाऊजींना फोन लावला. ते कामात होते. वाक्यांबद्दल त्यांना काही ठाऊकच नव्हतं. बघतो म्हणाले, या आठवड्यात जमणार नाही. लेकीला लावला तर ती म्हणाली की नव्यात ते कुठे असतं हे तिलाही समोर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणजे आता एकेक अक्षर. वहिनींना नवऱ्याची कीव आली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र कीव यावी असं काही दिसत नव्हतं. ते खाली मान घालून, सोनाराच्या काट्याचं बारीक काम करावं तसे, अक्षरं वेचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारातून आल्या तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, 'दुकान मला नको आहे.'

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. नवरा खिडकीशी बसला होता. तुम्ही लिहिलंत का, असं विचारलं तर त्याने मान डोलावली. वहिनींनी त्या मान डोलावण्यावर विश्वास ठेवला नाही. वर्षभर हाच माणूस दुकान उघडायचं म्हणत होता. काल दीर येतो काय, यंत्राला हात लावतो काय, आणि आज त्याच्याच बोटांतून उलटं वाक्य निघतं काय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ कशी पडते? आणि टेप घेऊन मापं काढली होती ती कुणी?

संशयाचं असं असतं की तो आला की दूरचं स्वच्छ दिसतं आणि नाकासमोरचं दिसेनासं होतं. वहिनी त्या यंत्रावर नजर ठेवू लागल्या. काटेवाले लिहीत असताना त्या मागून येऊन उभ्या राहत. त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की नवऱ्याने शब्दाची सुरुवात केली आणि उरलेला शब्द प्रोग्रॅमनेच पुढे करून ठेवला. मग काय, खात्रीच पटली. शब्द पुरा करणारा वाक्यही पुरं करील, आणि वाक्य पुरं करणाऱ्याला शिकवणारा कोणीतरी असणारच.

काटेवाले दुपारी झोपले तेव्हा वहिनी स्वतः खुर्चीत बसल्या. त्यांनी 'दुकान' लिहिलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघितली. काही झालं नाही. मग 'भाऊजी' लिहून बघितलं. रेघ आपली लुकलुकत राहिली. मांजराने उंदराची वाट बघावी तशा त्या बसून राहिल्या, आणि शेवटी स्वतःचंच हसू येऊन त्यांनी ते पुसलं. पण हसू आलं म्हणून संशय गेला असं नाही. मागे एकदा लेकीने दुसऱ्या गावाहून या यंत्रावरची बाणाची खूण हलवून दाखवली होती, ते त्यांना आठवलं. लेक तिकडून बाण हलवू शकते, तर दीर इस्पितळात बसून अक्षरं का नाही हलवू शकणार? त्यांनी इंटरनेटची तार उपटली आणि कपाटामागे टाकली.

काटेवाले उठले, खुर्चीत बसले. बराच वेळ खालीवर बघितल्यावर त्यांनी लिहिलं, 'तार का काढली?'

धूळ पुसत होते, असं वहिनींनी सांगितलं.

'खोटं,' काटेवाल्यांनी लिहिलं.

वहिनींना धक्का बसला तो आरोपाचा नाही, आरोप खराच होता. वर्षभरात नवऱ्याने त्यांना असं काही म्हटलंच नव्हतं. पाणी हवं आहे, उशी दे, बरं वाटतंय, थकलोय. एवढा गोड, एवढा समजूतदार माणूस त्यांना लग्नानंतर कधी लाभला नव्हता. आणि आता तारेशिवायही हा 'खोटं' म्हणत होता.

तरीसुद्धा त्यांचं मन भाऊजींवरून हलेना. यंत्रात नाही, तर कानात. मागे एकदा आपण औषधं आणायला गेलो होतो, तेव्हा दोघे भाऊ घरात एकटेच होते. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलत नाही. काय झालं असेल कुणी सांगावं? त्यातच शेजारणीने जिन्यात गाठून विचारलं, तुमच्याकडे नवीन ऑफिस झालं म्हणे, जागा कुठे घेतलीत? वहिनींनी तिला कॉम्प्युटरचं आहे म्हणून सांगितलं, पण घरात आल्यावर त्यांना वाटलं की ही बातमी बाहेर गेली कशी आणि कुणी नेली? वास्तविक, त्यांनीच परवा नळाच्या कामवाल्याशी बोलताना सांगितलं होतं.

शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून भाऊजींना फोन लावला. इकडतिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "भाऊजी, दुकान तुमच्याही वडिलांचं आहे. हवं असेल तर सरळ मागा. त्यांच्या बोटांतून कशाला मागता?"

पलीकडे कोणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. भाऊजी म्हणाले, "मी येतो," आणि फोन ठेवला.

वहिनी बाहेर आल्या. दार लोटलेलं असलं तरी घर एवढं मोठं नव्हतं. काटेवाले खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्याकडे बघत होते. डावा डोळा रागावला होता. उजव्याला रागावता येत नव्हतं. वहिनींना एकदम भीती वाटली की समोर बसलेला माणूस कोण आहे हे आपल्याला सांगता येत नाही. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत कधीच विचारला नव्हता.

"माझ्या बाबांच्या काट्याखाली काय होतं?"

त्या मुलगी असताना वडिलांचा काटा घेऊन याच दुकानात आल्या होत्या. वडील वाणी. काटा अडतो, एवढं सांगून त्यांनी मुलीला पाठवलं होतं. तरुण काटेवाल्यांनी पारडं उलटं करून बघितलं, नखाने काहीतरी खरवडून काढलं, आणि मुलीकडे न बघता म्हणाले, धूळ होती. ती धूळ नव्हती हे तिने बघितलं होतं. तिने बघितलं हे त्यांना कळलं होतं. पुढे लग्न झालं, सासरे वारले, पण या गोष्टीचा उच्चार दोघांनी कधी केला नाही. ती भावाला माहीत असणं शक्य नव्हतं, आणि जगभरच्या माणसांना तर नाहीच.

काटेवाल्यांचा चेहरा बदलला. राग उतरला आणि त्या जागी काहीतरी हळवं आलं. ते यंत्राकडे वळले. बोट एकेका अक्षरावर गेलं.

'मेण. मी धूळ म्हणालो होतो.'

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणजे हेच ते. दुसरं कोणी नाही. पण मग दुसरी बाजू त्यांच्या अंगावर आली, आणि ती पहिल्यापेक्षा अवघड होती.

"मग वर्षभर 'दुकान पुन्हा उघडायचं आहे' असं कोण लिहीत होतं?"

काटेवाल्यांनी या वेळी फार वेळ घेतला नाही. एकच अक्षर होतं.

'तू.'

काटेवाले लिहीत राहिले. अंधारून येईपर्यंत लिहीत होते, मध्ये हात झटकत होते, पण थांबले नाहीत. 'दुकान' एवढा शब्द लिहून जागा सोडली की पुढचं सगळं आपोआप यायचं. मला दुसरंच म्हणायचं असायचं. खोडायला गेलो की तू म्हणायचीस, थकलात, आता पुरे. 'बरं' लिहिलं की 'बरं वाटतंय' यायचं. मला 'बरं नाही' म्हणायचं असलं तरी. मग मी ते शब्दच लिहायचे सोडले. जे लिहायचं त्यात ते शब्द लागायचेच.

वहिनींना हळूहळू आठवलं. लेक फोनवर होती. आणखी काय घालायचं, असं तिने विचारलं होतं, आणि वहिनींनी सांगितलं होतं, दुकानाचं एक घाल, त्यांना लिहायला बरं वाटेल. एवढं सोपं होतं ते. त्यात ना लबाडी होती ना हिशोब. आपण घातलेलं वाक्य आपल्याला परत मिळत राहिलं आणि आपण त्यावर जगत राहिलो. माहेरी मेण होतं पारड्याखाली, माप मारायला, आणि इथे... त्यांनी तो विचार पुरा केला नाही. उठून दिवा लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही मला खुणेने तरी सांगायचंत."

'सांगितलं. तू पाणी आणून द्यायचीस.'

भाऊजी सुट्टीच्या दिवशी आले ते एकटे नव्हते. बरोबर हातगाडीवर लोखंडी नळ्या होत्या आणि एक वेल्डिंगवाला. वहिनी खाली उतरून दारात उभ्या राहिल्या. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. वेल्डिंगवाल्याला जिन्याची भिंत दाखवली, टेप काढला आणि कुठे कुठे भोकं पाडायची ते सांगू लागले. जिन्याला कठडा बसवायचा होता. डाव्या हाताने धरता येईल असा, वळणावरही सुटणार नाही असा.

वहिनींना तोंड वर करवेना. भाऊजींनीच मग सांगितलं, भिंतीकडे बघत. दादाने लिहिलं होतं ना, दुकान उघडायचं आहे म्हणून. तुम्हीच दाखवलं होतं. मग तो उतरणार कसा? म्हणून मापं घेतली. नळ्या मिळायला उशीर लागला. आधी सांगितलं असतं तर तुम्ही खर्चाचं काढलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

"भाऊजी, मी जे बोलले ते बोलायला नको होतं," वहिनी म्हणाल्या.

"हो," भाऊजी म्हणाले. एवढंच. वहिनींना वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ द्या. ते म्हणाले नाहीत. पण वर येऊन चहा घेतला.

वर काटेवाल्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. कठडा नको. दुकान नको. काटे आता विजेवर चालतात आणि बिघडले की लोक नवे आणतात. आजारी पडण्याआधीच धंदा संपला होता, तुला सांगायचं राहिलं. शेवटी एक ओळ वेगळी होती: 'मला खाली राहायचंय. दाराजवळ.'

तिघांनी ती ओळ वाचली. वर्षभर ज्या माणसाने रस्ता फक्त खिडकीतून बघितला होता, त्याला तो पायाखाली हवा होता. दुकान उघडायला नको होतं. रिकामं करायला हवं होतं. हे इतकं सरळ होतं की वहिनींना आधी रडू आलं आणि मग राग आला, कारण वर्षभर आपण तिथली पारडी पुसत बसलो.

भाऊजी बसल्या बसल्या म्हणाले की जुनी वाक्यं परत आणता येतील. जुनं ऑफिस काढलं तरी माणसाने स्वतः भरलेलं ते काढत नाही; लपवलेल्या एका फोल्डरमध्ये ते तसंच पडून आहे, नव्याला दाखवलं की झालं. वहिनींनी घाईने सांगितलं की नको. काटेवाल्यांनी मात्र बोट वर केलं आणि लिहिलं, 'पाणी आण. उशी आण. लघवीचं आण. बाकी राहू दे.'

दुकान रिकामं व्हायला बरेच दिवस गेले आणि ते दिवस काही गोडीगुलाबीत गेले नाहीत. भांडणं झाली. मोठा लोखंडी काटा ठेवायचा की द्यायचा यावरून एक दुपारभर भांडण झालं. वहिनी फणकाऱ्याने बोलत आणि मग उत्तर येईपर्यंत उभ्या राहून वाट बघत, कारण त्यांना मधेच तोडायला नको असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. वाट बघण्यात अर्धा राग निवून जाई, हा त्यांना न आवडलेला फायदा होता. काटेवाल्यांचा मात्र निवत नसे. एकदा त्यांनी लिहिलं, 'तुला मी मुका आवडत होतो.' वहिनी आत निघून गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "थोडासा." त्या संध्याकाळी मोठा काटा गेला.

दुकानाच्या जागी पलंग आला, टेबल आलं, कॉम्प्युटर खाली आला. भाऊजींनी आणलेल्या नळ्या वाया गेल्या नाहीत. त्यांतली एक दाराबाहेरच्या पायरीला लागली.

मग एके सकाळी वहिनी वर कपडे वाळत घालायला गेल्या आणि खाली आल्या तर पलंग रिकामा. दार उघडं. काठी जागेवर नव्हती. त्यांच्या मनात नको ते सगळं येऊन गेलं. पायात चप्पल अडकवून त्या बाहेर धावल्या तेव्हा काटेवाले भिंतीच्या कडेने, उजवा पाय ओढत, गल्लीच्या टोकाकडे निघालेले दिसले. वहिनींनी हाक तोंडापर्यंत आणली आणि गिळली. हा माणूस न सांगता कुठे जातो, हे त्यांना बघायचं होतं. विजेच्या खांबाआडून त्या बघत राहिल्या. काटेवाले थांबत थांबत कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे पोचले. न्हाव्याने हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून खुर्ची पुढे केली. आतून हसण्याचे आवाज आले. मग बराच वेळ कात्रीचा आवाज.

वहिनी त्यांच्या आधी घरी परतल्या आणि भांडी घासायला बसल्या. काटेवाले आले. गाल गुळगुळीत, मानेवर पावडर. वहिनींनी पाठमोऱ्या राहूनच विचारलं की कुठे गेला होतात.

खुर्ची सरकली. बोटाचा आवाज सुरू झाला. तो थांबल्यावर वहिनी हात पुसत आल्या आणि वाचू लागल्या.

'न्हाव्याकडे. तू खांबामागे होतीस. त्या खांबामागे तू मावत नाहीस.'